‘२५६ बिट’ एवढ्यावर भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘तुमची माहिती २५६ बिट एन्क्रिप्शनने सुरक्षित’ हे वाक्य नाशिकमध्ये आता कुठेही वाचायला मिळते. पतसंस्थेच्या ॲपवर, दवाखान्याच्या पावतीखाली, हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत. निविदेच्या तांत्रिक परिशिष्टात तर हमखास. एन्क्रिप्शन म्हणजे गुप्त कीशिवाय वाचता येऊ नये अशी माहितीची गुंतवण, आणि २५६ बिट ही त्या कीची लांबी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि माहिती सांभाळणाऱ्याने करायच्या उपायांत एन्क्रिप्शनचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. सुरक्षेत कसूर केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मुख्य जबाबदाऱ्यांसाठी दिलेली अठरा महिन्यांची मुदत २०२७ च्या मे महिन्यात, म्हणजे ऐन सिंहस्थाच्या मुख्य स्नानांच्या तोंडावर संपते. लॉजवाल्यांपासून पार्किंगच्या पावत्या फाडणाऱ्यांपर्यंत सगळ्यांकडे तेव्हा लोकांची नावे, फोन नंबर आणि ओळखपत्रे गोळा झालेली असतील. म्हणजे हे वाक्य आणखी वाढणार.

वाक्य खोटे असते असे नाही. २५६ बिट खरोखरच असतात. पण द्राक्षाच्या पेटीवर नुसते वजन लिहायचे आणि आत वाण कोणता, तोड कधीची, हे लिहायचेच नाही, तसा हा प्रकार आहे. सातपूर-अंबडच्या यंत्रांसाठी किंवा एखाद्या संस्थेच्या सर्व्हरसाठी सी भाषेत कोड लिहिणारी मुले-मुली आपले वृत्तपत्र वाचतात आणि त्यांच्याकडून ते सॉफ्टवेअर विकत घेणारेही वाचतात. दोघांनाही उपयोगी पडेल असे काही या पत्रात नेमकेपणाने लिहितो. पत्र लांबले आहे. कात्री लावायचीच झाली तर ती इतिहासाला लावावी, आकड्यांना नको.

हे २५६ बिट बहुधा ज्याचे असतात तो एईएस हा ब्लॉक सायफर आहे, म्हणजे तुकड्यातुकड्याने एन्क्रिप्ट करणारी पद्धत. तो एका वेळी नेमके १६ बाइट घेतो आणि १६ बाइटच बाहेर देतो. त्याला ना फाइल कळते, ना ग्राहकाचे नाव, ना रक्कम. की १२८ बिटची असेल तर आत १० फेऱ्या होतात, १९२ ची असेल तर १२ आणि २५६ ची असेल तर १४. योआन डामेन आणि व्हिन्सेंट राइमेन या दोघा बेल्जियन संशोधकांची ही रचना अमेरिकेच्या मानक संस्थेने खुल्या स्पर्धेतून निवडली आणि २००१ मध्ये प्रमाण केली. नीट वापरलेला पूर्ण एईएस आजवर कोणी व्यवहारात फोडलेला नाही. १२८ बिटांचीही की पुरेशी आहे. फुटतात ते सांधे: १६ बाइटांचे तुकडे एकमेकांना कसे जोडले, की कुठून आणली, ती कुठे ठेवली, आणि उलगडताना काय तपासले.

तुकडे जोडण्याच्या पद्धतीला मोड म्हणतात. सगळ्यांत सोपा मोड ईसीबी: प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे त्याच कीने फिरवायचा. घोटाळा कसा होतो ते आपल्याच जिल्ह्यावरून पाहू. एखाद्या संस्थेने सभासदांच्या तक्त्यातला ‘तालुका’ हा रकाना ईसीबीने एन्क्रिप्ट केला आहे असे धरा. देवनागरीचे एक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटांचे असते, आणि काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार यांचे चिन्ह वेगळे मोजायचे. ‘नाशिक’ मध्ये पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट. पॅडिंगचा, म्हणजे तुकडा पुरा करायला घातलेल्या भरीचा, एक बाइट धरून बरोबर एक ब्लॉक. आता पाच हजार सभासद नाशिक तालुक्यातले असतील तर पाच हजार ओळींत १६ बाइटांचा हुबेहूब तोच गोळा (एन्क्रिप्ट होऊन बाहेर पडलेले बाइट) दिसणार. की नसलेल्यालाही मोजता येते की सर्वाधिक वेळा आलेला गोळा कोणता, आणि शहरातल्या संस्थेत तो कोणत्या तालुक्याचा असेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

एवढ्यावर थांबत नाही. पंधरा तालुक्यांपैकी नाशिक, पेठ, कळवण, देवळा, येवला आणि निफाड ही सहा नावे एका ब्लॉकमध्ये बसतात. इगतपुरी, दिंडोरी, सुरगाणा, मालेगाव, नांदगाव, चांदवड, बागलाण आणि सिन्नर यांना दोन ब्लॉक, म्हणजे ३२ बाइट लागतात. त्र्यंबकेश्वरची तेरा चिन्हे, ३९ बाइट, पॅडिंगसह ४८. म्हणजे ४८ बाइटांचा गोळा दिसला की तो त्र्यंबकेश्वरच. हे लांबीचे फुटणे मोड बदलूनही जात नाही, उलट पुढे सांगणार आहे त्या जीसीएम मोडमध्ये पॅडिंगच नसल्यामुळे लांबी जशीच्या तशी दिसते: ९ बाइट म्हणजे पेठ, १२ म्हणजे कळवण. उपाय साधा आहे. ज्या रकान्यात ठरावीक पर्यायच येऊ शकतात तो आधी एकाच लांबीचा करून घ्यायचा; इथे ४८ बाइट, पहिल्या बाइटमध्ये खरी लांबी, उरलेल्या जागेत शून्ये, आणि मग एन्क्रिप्ट. त्याहून बरे म्हणजे नावाऐवजी एका बाइटचा तालुका क्रमांकच ठेवायचा.

ईसीबीचे एवढे दोष असूनही तो शिकवण्यांमधून जात नाही, कारण त्याला आयव्ही (दर वेळी सुरुवातीला मिसळायची वेगळी बाइटओळ) लागत नाही आणि पहिल्याच झटक्यात उदाहरण चालते. २०१३ मध्ये ॲडोबी कंपनीची चोरीला गेलेली फाइल बाहेर आली तेव्हा त्यात पासवर्ड ट्रिपल डीईएस या जुन्या सायफरने, ईसीबी मोडमध्ये ठेवलेले निघाले. सारखा पासवर्ड म्हणजे सारखा गोळा, आणि शेजारी लोकांनी स्वतःच लिहिलेल्या ‘आठवण’ सूचना. शब्दकोड्यासारखे लोकांनी ते सोडवले. लॉगिनचे पासवर्ड मुळात एन्क्रिप्ट करायचेच नसतात, त्यांचा संथ हॅश (मुद्दाम वेळखाऊ, परत उलगडता न येणारा ठसा) ठेवायचा असतो, ही चूक वेगळीच.

मग वापरायचे काय? नव्या कामाला जीसीएम, म्हणजे मजकूर लपवून त्यावर छेडछाड ओळखणारा शिक्काही मारणारा मोड, आणि त्याच्याबरोबर १२ बाइटांचा नॉन्स. नॉन्स म्हणजे काय ते नाशिककरांना समजायला अवघड जाऊ नये. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेल्या नोटेवरचा नंबर कोणीही वाचू शकतो, तो गुप्त नसतो. पण तोच नंबर दुसऱ्या नोटेवर पडला की सगळा व्यवहार नासतो. नॉन्सचे तसेच आहे. तो गोळ्याच्या पुढेच उघडा लिहून ठेवायचा, लपवायचा नाही, पण त्याच कीखाली दुसऱ्यांदा वापरायचा नाही. जुना सीबीसी मोड (प्रत्येक तुकडा आधीच्या गोळ्याशी साखळीने जोडणारा) वापरत असाल तर मात्र नोटेचा दृष्टान्त अपुरा पडतो: तिथला १६ बाइटांचा आयव्ही नुसता वेगळा असून चालत नाही, तो आधी ओळखताही येता कामा नये. ओळीने नंबर दिलेत तर चुकलात.

जीसीएममध्ये नॉन्स पुन्हा आला तर काय होते? दोन्ही मजकुरांवर एकच कीप्रवाह (कीपासून बनलेली बाइटांची ओळ) पडतो आणि दोन गोळ्यांचा एक्सऑर, म्हणजे बिटागणिक तुलना, केला तर की पूर्णपणे गळून जाते. उरतो दोन मजकुरांचा एक्सऑर. मराठी मजकूर इथे इंग्रजीपेक्षा जास्त उघडा पडतो. देवनागरी चिन्हाच्या तीन बाइटांपैकी पहिला नेहमी २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५. म्हणजे दर तीनपैकी दोन बाइट जवळजवळ माहीतच, शोधायचा राहतो तो तिसरा. शिवाय शिक्का तयार करणारी आतली गुप्त संख्याही अशा पुनरावृत्तीतून काढता येते, आणि मग खोटा गोळा बनवून त्यावर खरा वाटणारा शिक्का मारता येतो.

पुनरावृत्ती होते कशी? एक, उदाहरणातली शून्यांची ओळ तशीच राहून जाते. दुसरी जास्त फसवी आहे आणि ती यंत्रांत होते. वजनकाट्यावरच्या किंवा दूध संकलनाच्या यंत्रात नॉन्स म्हणून एक मोजणी ठेवलेली असते आणि ती असते रॅममध्ये. वीज गेली, परत आली, मोजणी पुन्हा शून्यापासून. आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे सांगायला नको. अशा यंत्रात मोजणी फ्लॅशमध्ये ठेवावी, पण प्रत्येक नोंदीला फ्लॅश लिहिली तर ती झिजते. म्हणून यंत्र सुरू होताच पुढचे हजार आकडे आधीच ‘वापरले’ असे लिहून टाकायचे आणि मग ते एकेक खर्च करायचे. मध्येच वीज गेली तर काही आकडे वाया जातील, पण एकही पुन्हा येणार नाही. सर्व्हरवर हा खटाटोप नको, तिथे रँडम १२ बाइट घ्यावेत. फक्त एका कीवर असे ४२९ कोटींपेक्षा जास्त गोळे बनवायचे नाहीत, ही मानकातली मर्यादा आहे. छोट्या संस्थेला ती कधी जाणवणारही नाही.

आता की. सी शिकलेल्याच्या हाताशी आपसूक येते ते रँडम वाटणारे आकडे देणारे ‘रँड’ हे फंक्शन, आणि त्याला बीज म्हणून चालू वेळ. इथे २५६ बिटांची पार वाट लागते. वर्षात ३ कोटी १५ लाख ३६ हजार सेकंद असतात. की कोणत्या वर्षी बनवली एवढे माहीत असेल तर तपासायच्या शक्यता तेवढ्याच, म्हणजे जेमतेम २५ बिट. साधा लॅपटॉप त्या थोड्या वेळात संपवतो. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या खुल्या लायब्ररीत ‘रँड बाइट्स’ नावाचे फंक्शन आहे, ते वापरावे आणि त्याने १ परत दिला का ते तपासावे. न तपासता पुढे गेलात आणि ते अपयशी ठरले असेल, तर की म्हणून बफरमध्ये (तिच्यासाठी राखलेल्या जागेत) आधी जे पडले होते तेच वापरले जाईल.

दुसरी चूक हेक्सची. हेक्स म्हणजे प्रत्येक बाइट ० ते ९ आणि ए ते एफ यांतल्या दोन अक्षरांनी लिहिणे. ३२ बाइटांची की लिहायला ६४ हेक्स अक्षरे लागतात. ती अक्षरे बाइटांत न बदलता थेट फंक्शनला दिली तर ते पहिली ३२ अक्षरे उचलते. प्रत्येक अक्षर सोळापैकी एक, म्हणजे चार बिटांचे. हिशेब १२८ बिटांवर येतो. संकट नाही, पण जाहिरातीतला २५६ चा दावा तेवढ्यापुरता खोटा ठरतो. शिवाय समोरच्याने योग्य रीतीने बदल केला असेल तर दोघांच्या की जुळत नाहीत आणि ‘लायब्ररीतच बग आहे’ असा शोध लागतो.

की कोडमध्ये लिहून ठेवणे हा तिसरा प्रकार. कंपाइल केल्यावर कोणाला दिसणार, असे वाटते. लिनक्सवर ‘स्ट्रिंग्ज’ नावाची कमांड आहे. ती कोणत्याही फाइलमधल्या वाचता येणाऱ्या अक्षरांच्या ओळी बाहेर काढून दाखवते, की अक्षरांत लिहिली असेल तर तीही. त्या सॉफ्टवेअरची प्रत वीस संस्थांना विकलेली असेल तर वीसही संस्थांची की एकच. की वेगळ्या फाइलमध्ये, फक्त त्या सेवेच्या खात्यालाच वाचता येईल अशी ठेवावी, आणि रोजच्या बॅकअपच्या पेनड्राइव्हवर ती डेटाबेसच्या शेजारीच जाणार नाही याची काळजी घ्यावी. हे शेवटचे जवळजवळ सगळेच विसरतात.

की पासवर्डवरून बनवायची असेल तर पासवर्ड थेट की म्हणून वापरायचा नाही. पीबीकेडीएफ-२ हे फंक्शन लायब्ररीत तयार आहे: १६ बाइटांचे रँडम मीठ (पासवर्डात मिसळायचे बाइट, इंग्रजीत सॉल्ट) आणि एसएचए-२५६ या हॅशसोबत सहा लाख फेऱ्या, ही आजची रास्त शिफारस आहे. मराठी पासवर्ड ठेवणाऱ्यांसाठी इथे एक खास खाचखळगा. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त, तर दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, बाइट वेगळे, म्हणून की वेगळी. युनिकोडचे प्रमाणीकरण केले तरी हे दोन एक होत नाहीत. मोबाइलवर ठेवलेला पासवर्ड ऑफिसच्या संगणकावर ‘चुकीचा’ ठरतो तो असा. आपले रूप आधी ठरवून एकाचे दुसऱ्यात बदलून घ्यायचे आणि मगच पीबीकेडीएफला द्यायचे. पासवर्ड ३२ बाइटांवर कापण्याची सवयही सोडावी. ३२ ला तीनने भाग जात नाही, अकरावे चिन्ह मध्येच तुटते.

प्रत्यक्ष कोडकडे येऊ. ओपनएसएसएलमध्ये एईएसची थेट फंक्शने होती, ती ३.० पासून कालबाह्य म्हणून जाहीर झाली आहेत. ‘ईव्हीपी’ घराण्यातली फंक्शने वापरावीत. प्रोसेसरमध्ये एईएससाठी खास सूचना असतील तर ती आपणहून वापरतात. नेटवरून उचललेली सुटी एईएसची फाइल हे करत नाही, आणि तक्त्यांवर चालणारी असेल तर वेळेच्या फरकातून कीची माहिती गळू शकते. क्रम असा: संदर्भ (कॉन्टेक्स्ट, म्हणजे चालू कामाची स्थिती सांभाळणारी रचना) तयार करा, इनिट या फंक्शनला सायफर, की आणि नॉन्स द्या, उघडाच ठेवायचा पण बदलू द्यायचा नाही असा मजकूर (समजा सभासद क्रमांक) बाहेरचा बफर नल ठेवून अपडेटला द्या, मग खरा मजकूर अपडेटला द्या, फायनल बोलवा, १६ बाइटांचा शिक्का मागून घ्या, संदर्भ मोकळा करा. सभासद क्रमांक असा बांधून टाकला की एका सभासदाचा गोळा दुसऱ्याच्या ओळीत चिकटवता येत नाही. जुन्या धड्यांत संदर्भ साधे चल म्हणून घोषित केलेला दिसेल, १.१.० पासून ती रचना आतून बंद केली आहे, त्यामुळे कंपायलर ‘आकार माहीत नाही’ म्हणून अडतो. चूक तुमची नाही, धड्याचे वय झाले.

बाहेरच्या बफरची जागा मोजताना सीबीसीवाले हमखास चुकतात. मजकूर १६ च्या पटीत असला तरी पॅडिंगचा एक पूर्ण ब्लॉक वाढतोच: ३२ बाइटांचे ४८ होतात. बफर ३२ चाच असेल तर पुढचे १६ बाइट शेजारच्या स्मृतीवर जाऊन पडतात. शेजारी काय आहे ते कंपायलर ठरवतो. परवापर्यंत चालणारा प्रोग्राम कंपायलरचा एक पर्याय बदलताच कोसळतो तो यामुळे. मजकुराची लांबी अधिक १६, एवढी जागा घ्यावी. अपडेट आणि फायनल दोघेही आपण किती बाइट लिहिले ते सांगतात. दोन्हींची बेरीज ठेवावी आणि फायनलला बफरची सुरुवात न देता तिथपर्यंतचा पुढचा पत्ता द्यावा. लांबी ‘इंट’ असते, म्हणून मोठी फाइल एका दमात न देता ६४ केबीच्या तुकड्यांनी द्यावी. विंडोजवर फाइल बायनरी मोडमध्येच उघडावी. नाहीतर लिहिताना १० किमतीच्या प्रत्येक बाइटच्या आधी १३ घुसतो आणि वाचताना २६ किमतीचा बाइट आला की फाइल संपली असे समजले जाते.

शून्य बाइट येईपर्यंत लांबी मोजणारे ‘स्ट्रलेन’ गोळ्यावर चालवणे ही तर जुनाट खोड. गोळ्यात शून्य बाइट कुठेही येऊ शकतो, सरासरी सोळा ब्लॉकांपैकी एकात येतोच. म्हणून चार नोंदींवर चाचणी बिनबोभाट पार पडते आणि खऱ्या डेटात काही नोंदी अर्ध्याच साठवल्या जातात, कायमच्या. लांबी स्वतः सांभाळा आणि डेटाबेसमध्ये बायनरी रकाना ठेवा. मजकुराचाच रकाना हवा असेल तर बेस-६४ (बाइटांचे साध्या अक्षरांत रूपांतर) करा, जागा एक तृतीयांशाने वाढेल.

काम झाल्यावर की पुसायची तर ‘मेमसेट’ हे नेहमीचे फंक्शन पुरत नाही. पुढे ती स्मृती वापरलीच जात नाही हे पाहून कंपायलर तो पुसण्याचा आदेशच काढून टाकू शकतो. त्यासाठी लायब्ररीत ‘क्लीन्स’ आहे. आणि फंक्शनमध्ये पॉइंटर म्हणून आलेल्या कीवर आकार सांगणारे ‘साइझऑफ’ लावलात तर ६४ बिट यंत्रावर उत्तर ८ येते, ३२ नाही. की पुसली असे वाटते, पुसला जातो तिचा एक चतुर्थांश.

शिक्क्याचे महत्त्व मात्र सगळ्यांत कमी लोकांना पटते. ‘मजकूर वाचताच येत नाही, तर बदलणार कसा?’ असा त्यांचा प्रश्न असतो. बदलता येतो, न वाचता. सीबीसीमध्ये आयव्हीचा जो बिट उलटवाल तोच बिट पहिल्या ब्लॉकच्या मजकुरात उलटतो, बाकी कशालाही धक्का न लागता. इंग्रजी आकड्यातला १ म्हणजे बाइट ४९ आणि ९ म्हणजे ५७. फरक फक्त ८ किमतीच्या एका बिटाचा. देवनागरी १ आणि ९ यांच्या शेवटच्या बाइटमध्येही नेमका तोच फरक आहे. रक्कम कुठे आहे एवढे माहीत असले की १,००० चे ९,००० करायला एक बिट पुरतो, की लागत नाही. सर्व्हर ‘पॅडिंग चुकले’ असे वेगळे उत्तर देत असेल तर त्या उत्तरावरूनच सगळा मजकूर उलगडता येतो: बाइटमागे जास्तीत जास्त २५६ प्रयत्न, हे सर्ज वोदने यांनी २००२ मध्येच दाखवून दिले आहे. जीसीएमचा शिक्का हे दोन्ही दरवाजे बंद करतो, पण तपासला तरच. उलगडताना शिक्का फायनलच्या आधी द्यावा लागतो, आणि फायनलने १ दिल्याशिवाय अपडेटने दिलेला मजकूर कोणालाही दाखवायचा नाही, कुठे लिहायचा नाही. फायनलची परत आलेली किंमत न पाहणाऱ्या कोडमध्ये शिक्का असून नसल्यासारखा असतो, आणि असा कोड सगळ्या नेहमीच्या चाचण्यांत पास होतो.

चुकीच्या कीने सीबीसी उलगडला तर दर वेळी त्रुटी येईलच, यावरही विसंबू नये. शेवटचा बाइट योगायोगाने पॅडिंगसारखा दिसण्याची शक्यता सुमारे २५६ मध्ये एक आहे. तेव्हा फंक्शन ‘यश’ म्हणते आणि हाती कचरा देते.

जुन्या संस्थांच्या सर्व्हरवर सध्या वेगळीच अडचण आहे. ब्लोफिश किंवा साधा डीईएस या जुन्या सायफरांनी ठेवलेला डेटा सर्व्हरची लिनक्स नवी केली की उलगडतच नाही, ‘अनसपोर्टेड’ अशी त्रुटी येते. डेटा खराब झालेला नसतो. सप्टेंबर २०२१ च्या ओपनएसएसएल ३.० पासून हे सायफर ‘लेगसी’ नावाच्या वेगळ्या प्रोव्हायडरमध्ये (सायफरांच्या जोडसंचात) गेले आहेत, तो हाताने लोड करावा लागतो. त्यात मेख अशी की एक प्रोव्हायडर हाताने लोड केला की ‘डिफॉल्ट’ आपोआप लोड होणे थांबते. दोन्ही लोड करावे लागतात, नाहीतर ब्लोफिश चालू आणि एईएस बंद अशी उलटी गंमत होते. ओपनएसएसएलच्या कमांडने एन्क्रिप्ट केलेल्या जुन्या बॅकअप फाइलचेही असेच: १.१.० मध्ये पासवर्डवरून की बनवण्याचा मूळ हॅश एमडी-५ वरून एसएचए-२५६ झाला. योग्य पासवर्ड देऊनही ‘बॅड डिक्रिप्ट’ आले तर हॅश एमडी-५ सांगून पाहावे. हा सगळा खटाटोप एकदाच, जुने उलगडून जीसीएममध्ये परत बांधण्यापुरता. ६४ बिट ब्लॉकचे सायफर पुढे वापरू नयेत. एका कीवर ३२ जीबीच्या आसपास मजकूर गेला की ब्लॉक जुळू लागतात, आणि सीसीटीव्हीला ३२ जीबी म्हणजे काहीच नाही.

साठवताना गोळ्याची मांडणीही ठरवून टाकावी: १ बाइट आवृत्ती, १६ बाइट मीठ, १२ बाइट नॉन्स, मग मजकूर, शेवटी १६ बाइट शिक्का. एकूण वाढ ४५ बाइट. पहिला आवृत्तीचा बाइट फुकटचा वाटतो, पण की किंवा सायफर बदलायची वेळ आली की कोणती नोंद जुनी आणि कोणती नवी हे तोच सांगतो.

आपला कोड खरा एईएसच चालवतो का हे मानकातल्या नमुन्याने पाहता येते. १२८ बिटची की शून्यापासून पंधरापर्यंत ओळीने. मजकूर हेक्समध्ये ००, ११, २२ असे करत एफएफपर्यंत. ईसीबी लावून, पॅडिंग बंद करून उत्तर ६९ सी४ ई० डी८ ६ए ७बी ०४ ३० डी८ सीडी बी७ ८० ७० बी४ सी५ ५ए असेच यायला हवे. ईसीबीचा प्रामाणिक उपयोग एवढाच.

विकत घेणाऱ्याला सी येत नसली तरी दोन चाचण्या त्याच्याच टेबलावर होतात. पहिली: एकच डेटा न बदलता लागोपाठ दोनदा बॅकअपला द्या आणि दोन फाइली ताडून पाहा, विंडोजमध्ये ‘एफसी’ या कमांडला ‘बी’ पर्याय दिला की बाइटागणिक फरक दिसतो. सुरुवातीचा थोडा भाग सोडून सगळे वेगळे दिसले पाहिजे. मोठे पट्टे सारखे निघाले तर नॉन्स बदलत नाही किंवा मोड ईसीबी आहे. दुसरी: बॅकअपची एक प्रत घ्या, कोणत्याही हेक्स एडिटरमध्ये मधलाच एक बाइट बदला, जतन करा आणि ती चाचणीच्या संगणकावर परत चढवायला सांगा. सॉफ्टवेअरने साफ नकार दिला पाहिजे. त्याने काही न बोलता फाइल चढवली तर विक्रेत्याला फायनलच्या पुढची ओळ दाखवायला सांगा.

आपला,
संगणक सुरक्षा विषयाचा अध्यापक,
कॉलेज रोड, नाशिक
(नाव व पत्ता संपादकांसाठी स्वतंत्र जोडला आहे.)